भिंतीवर राहिलेला जिना

ओडेसा गॅस्किन्सने आयुष्याची एकवीस वर्षं पडदे रंगवले. नाटकाचे नव्हेत, फोटोचे. आमच्या ओपल स्ट्रीटपासून चार गल्ल्यांवर एक फोटो स्टुडिओ होता. शाळा संपवलेली पोरं, पांढरे झगे घातलेल्या पोरी, लग्नाला चाळीस वर्षं झालेली जोडपी तिथे ताठ उभी राहायची आणि त्यांच्यामागे ओडेसाचं जग असायचं. जांभळं आभाळ, कुणालाच न भिजवणारा धबधबा, ढगात शिरून कुठेही न पोहोचणारा संगमरवरी जिना. उत्तर फिलाडेल्फियात आमच्या काळ्या लोकांच्या कुठल्याही बैठकीच्या खोलीत जा, भिंतीवर ओडेसाचा एखादा ढग असायचाच. त्यावर तिची सही नसे, आणि हा ढग काढला कुणी, असं कुणी विचारल्याचंही मला आठवत नाही.

मी लोर्ना, तिची मैत्रीण. ओपल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर माझं पार्लर आहे. या सगळ्या गोष्टी मी काही ऐकल्या, काही माझ्या खिडकीतून पाहिल्या.

पुढे लोक फोनवरच फोटो काढायला लागले आणि स्टुडिओ बंद पडला. मालकाने पडदे ओडेसालाच देऊन टाकले. तिने ते गुंडाळून पलंगाखाली सारले आणि शाळेच्या जेवणघरात वाढायचं काम धरलं. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. आवाज हळू, चाल हळू. बोलता बोलता मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहायची. काय बघतेस, असं विचारलं तर म्हणायची, "समोरच्या छपराची सावली हिरवी आहे, पाहिलीस?" मला ती काळीच दिसायची.

एका वसंतात वाचनालयाच्या फळ्यावर मी एक कागद पाहिला. शहरातल्या भिंती रंगवणाऱ्या एका संस्थेला कलाकार हवे होते. उन्हाळ्याचे आठ आठवडे गल्लीतल्या पोरापोरींना हाताशी घ्यायचं, शिकवायचं, आणि त्यांच्याकडून एक मोठी भिंत रंगवून घ्यायची. कलाकाराला तासावर पगार, पोरांनाही पगार. मी अर्ज घेतला आणि थेट तिच्या घरी गेले.

तिने चष्मा लावून तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "यात लिहिलंय, व्यावसायिक कलाकार पाहिजे. मी मुलांच्या ताटात मॅकरोनी वाढते, लोर्ना."

"आणि एकवीस वर्षं पगार कशाचा घेतलास? ढग काढायचाच ना?"

"तो पडद्यांचा धंदा होता."

"माझाही केसांचाच धंदा आहे. तरी माझ्या खुर्चीतून उठलेली बाई आरशात बघून म्हणतेच, लोर्ना, बये, कलाकार आहेस तू! गप बस आणि लिही."

तिने लिहिलं. 'तुमचं काम कुठे पाहता येईल?' या प्रश्नापुढे ती बराच वेळ पेन धरून बसली, आणि मग दोनच शब्द लिहिले: 'लोकांच्या घरी.' त्या संस्थेतली मेरेडिथ नावाची तरुण बाई, जी कायम सायकलचं हेल्मेट काखेत घेऊन फिरायची, ती मला नंतर म्हणाली, "बाकीचं आम्ही वाचलंच नाही. त्या दोन शब्दांवरच निवडलं त्यांना."

जुलैच्या पहिल्या सोमवारी चर्चच्या तळघरातल्या लांब दालनात बारा पोरं जमली. आमच्याकडे भिंतीवर थेट रंगवत नाहीत. पातळ, पॅराशूटसारखं कापड जमिनीवर अंथरायचं, त्यावर तुकड्यातुकड्यांनी चित्र रंगवायचं, आणि मग ते भिंतीवर चिकटवायचं. एकदा चिकटलं की कापड भिंतीत मुरून जातं, सांधासुद्धा दिसत नाही. दालनात चार पंखे लावलेले, त्यांच्या वाऱ्याने ते पांढरं कापड सबंध दिवस हळूहळू श्वास घेतल्यासारखं हलायचं. बाहेर आइस्क्रीमच्या गाडीची धून गल्लीगल्लीतून विरत जायची. त्या दालनात गेलं की मला जड झोपेतून अर्धवट जागं झाल्यासारखं वाटायचं.

पोरं मात्र चांगली जागी होती. त्यांतली झकिया सतरा वर्षांची, डोक्याला घट्ट बांधलेला पिवळा रुमाल आणि जिभेला धार. भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने स्वतःचं नाव लिहिण्यात तिचा हातखंडा. इथे ती पगारासाठी आली होती आणि ते तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दुसरा नासिर, सहा फूट उंच, सतत काहीतरी चघळणारा.

ओडेसाने सुरुवात ढगांपासून केली. स्पंज कसा धरायचा, रंग कसा थोपटायचा, मध्येच डोळे बारीक करून लांबून कसं बघायचं. दुसऱ्या दिवशी झकियाने आपल्या कापडाकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मिस ओडेसा, हा ढग आहे, की धुऊन आटलेला मोजा?"

बारा जणं खो खो हसली. ओडेसा वाकली, डोळे बारीक करून बघितलं.

"मोजाच आहे," ती म्हणाली. "तीन वाजेपर्यंत त्याचा ढग कर."

झकियाने तोंड वाकडं केलं, पण साडेतीन वाजता ती अजून तिथेच गुडघ्यांवर होती.

चित्राचा विषय वरून ठरून आला होता: आशा. मेरेडिथने तो छापील कागद वाचून दाखवला. ओडेसा नेहमीसारखी खिडकीबाहेर बघत होती. "आशा कशी दिसते, मला माहीत नाही," ती म्हणाली. "ती काढायला सांगितली तर ही मुलं कबुतर काढतील. त्यापेक्षा गल्लीतल्या लोकांना झोपेत काय दिसतं ते विचारू या. ते तरी त्यांचं स्वतःचं असतं."

मेरेडिथ हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "वरच्यांना मी काय सांगू?"

"सांग, की आशाच आहे, फक्त डोळे मिटलेली."

तर दोघादोघांच्या जोड्या वह्या घेऊन दारोदार फिरू लागल्या. सगळी ओपल स्ट्रीट त्या आठवड्यात दारापुढच्या पायऱ्यांवर बसून स्वप्नं सांगत होती. उन्हाने डांबर मऊ झालेलं, हातात लिंबाच्या बर्फाचे कागदी पेले, आणि माणसं एकमेकांची स्वप्नं ऐकत होती. पोस्टमन म्हणाला, पत्रं वाटताना ती हातात ऊन ऊन लागतात, भट्टीतून काढलेल्या पावासारखी. माझ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, समुद्र ब्रॉड स्ट्रीटवरून काही आवाज न करता येतो आणि सगळे जण झगे जरासे उचलून आपल्या कामाला जात राहतात. नासिरचा धाकटा भाऊ म्हणाला, "एक कुत्रा असतो, पण ती माझी मावशी असते." मावशी शेजारीच बसली होती, तिने त्याच्या डोक्यात टपली मारली. मीही माझं सांगितलं. पार्लरच्या मागे एक दार निघतं, आत एक लांब खोली असते, ऊन आलेली, आणि इतकी वर्षं ती आपलीच होती हे मला माहीतच नसतं.

फक्त एका माणसाने काही सांगितलं नाही. मिस्टर एल्सवर्थ टल, वय अठ्ठ्याहत्तर, आणि नेमकी भिंत त्यांच्याच घराची होती.

आमच्या गल्लीत घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मधलं एखादं पाडलं, की शेजारच्या भिंतीवर त्याची खूण मागे राहते. मिस्टर टलच्या शेजारचं घर पाडून अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या भिंतीवर त्या घराची गुलाबी खोली होती, वरती निळ्या फुलांच्या कागदाचा पट्टा, आणि खालून वर नागमोडी गेलेली, पायऱ्यापायऱ्यांची काळपट रेघ. जिना गेला, त्याची सावली राहिली. आम्ही रोज ती बघायचो, म्हणजे आम्हाला ती दिसेनाशी झाली होती.

वसंतात मिस्टर टलनी परवानगीच्या कागदावर सही केली होती. पण जुलैच्या मध्यावर गवंडी आले, परांची बांधली, गिलावा कालवायला घेतला, तेव्हा ते घरातल्या सपाता घालून बाहेर आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"हात लावू नका," ते म्हणाले.

"सर, सही तुमचीच आहे," मुकादम म्हणाला.

"चित्र काढायला सही दिली. पुसायला नाही."

ते तिथून हलले नाहीत. काम थांबलं. मेरेडिथ दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, आठ आठवड्यांतले तीन गेले, दुसरी भिंत बघावी लागेल.

ओडेसाने तिच्याकडे चार दिवस मागून घेतले. रोज दुपारी पोरांना कापडावर बसवून ती मिस्टर टलच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. काही विचारायची नाही. टोमॅटोची रोपं, गुडघे, बेसबॉल, असं काहीबाही दोघं बोलायचे. तिसऱ्या दिवशी झकिया तिला रंगाबद्दल काही विचारायला आली आणि तिथेच टेकली.

"मिस्टर टल," ती म्हणाली, "आमच्या वहीत फक्त तुमचं पान कोरं आहे. तुम्हाला स्वप्नं पडतच नाहीत म्हणे. खोटं बोलता, की विसरता?"

"झकिया!" ओडेसा म्हणाली.

मिस्टर टल हसले. अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी समोर पार्लरची काच पुसत होते, हातातलं फडकं तसंच राहिलं.

"खोटं बोलतो," ते म्हणाले, आणि मग त्यांनी सांगितलं.

शेजारच्या घरात त्यांची बायको जिनिव्हा लहानाची मोठी झाली होती. दोन घरांत एकच भिंत. तरुणपणी ते सकाळी भिंतीला कान लावून बसायचे. सव्वासातला ती जिना उतरायची. सहाव्या पायरीवर एकदा थांबायची, बुटाचा पट्टा लावायला, आणि मग पुढे. ती थांबली की हे टोपी उचलायचे, म्हणजे दोघं एकाच वेळी दाराबाहेर पडायचे आणि हे म्हणायचे, "अरे! तूही आत्ताच निघालीस?" दोन वर्षं ती हेच ऐकून घेत राहिली. लग्न झालं तेव्हा तिने सामान फक्त एक दार सरकवलं. तिला जाऊन चौदा वर्षं झाली.

"रोज येते," मिस्टर टल म्हणाले. "दिसत नाही, ऐकू येते. उतरते, सहावीवर थांबते. मी टोपी उचलतो आणि जाग येते. ती रेघ पुसलीत तर पोरी, ती पाय कशावर ठेवणार?"

ओडेसा हळूच म्हणाली, "मिस्टर टल, या विटा आतल्या भिंतीच्या आहेत. त्या पावसासाठी भाजलेल्या नाहीत. गिलावा नाही झाला तर पाच वर्षांत भिंतही ढासळायला लागेल. मग ती रेघही नाही आणि तुम्हालाही छप्पर नाही."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "माहीत नाही असं वाटलं तुला?"

झकिया तोवर उठून मोकळ्या जागेत गेली होती. तिने वहीचं एक पान फाडून भिंतीवर दाबलं आणि पेन्सिल आडवी धरून त्यावर घासली. विटेचा खरखरीतपणा, रंगाची कड, खिळ्याचं भोक, सगळं कागदावर उमटलं. ती धावत परत आली. "हे बघा! अख्खा जिना असा उतरवून घेता येईल. जसाच्या तसा, तेवढाच. मग गिलावा होऊ दे. आम्ही तो त्याच जागी परत ठेवू. एक बोटसुद्धा इकडेतिकडे नाही."

"शब्द देतेस?" मिस्टर टलनी विचारलं.

तिने ओडेसाकडे पाहिलं. ओडेसा म्हणाली, "माझ्याकडे कशाला बघतेस? तुला विचारलंय."

"देते," झकिया म्हणाली.

मुकादमाने आधी डोळे फिरवले, मग म्हणाला, परांची बांधलेलीच आहे, चार दिवस वापरा, पण हेल्मेट आणि पट्ट्याशिवाय कुणी वर चढलं तर मी खाली ओढीन. छपरावरून लांब कापड सोडलं. बारा पोरं कोळशाचे तुकडे घेऊन भिंतीला बिलगली. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते कापड पारदर्शक व्हायचं आणि त्यातून जिना हळूहळू वर यायचा, धुक्यातून एखादं जहाज यावं तसा. गल्ली जाता-येता थांबून बघायची. सगळ्यांचे हात, नाकं, कपाळं काळी. मिस्टर टल खाली खुर्ची टाकून बसलेले.

"बारा पायऱ्या झाल्या," नासिर वरून ओरडला.

"चूक. तेरा आहेत."

"मी चार वेळा मोजल्या, मिस्टर टल!"

"मी त्या दोन वर्षं भिंतीला कान लावून मोजल्यात, बाळा. तुझे कान अजून कोवळे आहेत."

नासिर चिडून खाली उतरला. मग फावडं मागवलं. पाडलेल्या घराचा राडारोडा भिंतीच्या पायथ्याशी साठून त्यावर माती आणि गवत चढलं होतं. दोन हात खणल्यावर विटांचे तुकडे, एक चमचा, एक हिरवी गोटी निघाली, आणि त्याच्याही खाली भिंतीवर ती काळपट आडवी रेघ. तेरावी. नासिरने फावडं टाकलं आणि मिस्टर टलपुढे कमरेत वाकून सलाम केला. म्हातारा इतका खूश झाला की त्याने सगळ्यांसाठी बर्फाचे पेले मागवले.

राडारोडा उपसून गिलावा झाला आणि भिंत दुधासारखी पांढरी, कोरी झाली. त्या दिवशी मिस्टर टल बाहेर आले नाहीत. तळघरात मात्र काम जोरात चाललं होतं. कोळशाच्या रेघांवर सुईने भोकं पाडून, पूड थोपटून जिना नव्या कापडावर उतरवला गेला. त्याच्या भोवती गल्लीची स्वप्नं. झगे उचलून चाललेल्या बायकांमधून आवाज न करता सरकणारा समुद्र, मावशीच्या डोळ्यांचा कुत्रा, वाफ निघणारी पत्रं. पोरं रंगवायची आणि ओडेसा त्यांच्यामधून अनवाणी फिरायची. ती क्वचितच ब्रश हातात घ्यायची. कुणाच्या मागे जाऊन उभी राहायची, बराच वेळ, आणि म्हणायची, "सावलीला विचार, तिचा रंग कुठला आहे." आधी पोरं हसायची. ऑगस्टच्या मध्यावर नासिर स्वतःहून म्हणाला, "मिस ओडेसा, ही हिरवी निघाली!"

एक वाद झाला. नासिरला जिन्यावर जिनिव्हा काढायची होती, सहाव्या पायरीवर, वाकून पट्टा लावताना. अर्ध्या पोरांना ते पटलं होतं. ओडेसा म्हणाली, ते ठरवणारे आपण नाही. सगळी वरात मिस्टर टलकडे गेली.

त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको. तिला बसवून ठेवू नका. ती येते-जाते."

म्हणून जिना रिकामाच राहिला. पहाटेच्या उजेडात, गुलाबी खोलीतून निळ्या फुलांकडे चढत गेलेला.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कापडाचे तुकडे भिंतीवर चढले. झकियाने प्रत्येक पायरीचं माप तीन तीनदा घेतलं. एक तुकडा अर्धा बोट चुकला तर तिने सगळ्यांसमोर तो ओला असतानाच सोलून काढला आणि परत लावला. मेरेडिथ म्हणाली, एवढं कुणाला कळणार आहे? झकिया म्हणाली, "मी शब्द दिलाय, मॅडम. एक बोटसुद्धा नाही."

उद्घाटनाला गल्लीच्या मधोमध टेबलं लागली, तळलेलं चिकन आलं, चर्चचा बँड आला. मिस्टर टल टोपी घालून आले. भिंतीजवळ जाऊन, वाकून त्यांनी तेराव्या पायरीवर, म्हणजे सगळ्यात खालच्या, हात ठेवला. मग वर बघत राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्यात असं कुणाला वाटलंच नाही.

पंधरा दिवसांनी झकियाने त्यांना पायऱ्यांवर गाठून विचारलं, "येतात का अजून त्या?"

"नाही आली. त्या दिवसापासून एकदाही नाही."

पोरीचा चेहरा पडला. "म्हणजे आम्ही बिघडवलं?"

"थांब, पुरतं ऐक. काल आली. पण जिन्यावरून नाही, मागच्या दाराने. स्वयंपाकघरात उभी राहून मला म्हणाली, एल्सवर्थ, घरात टोपी कशाला घातलीस?" ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "या वेळी दिसली सुद्धा, बरं का."

ओडेसाला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोलावलं, आणि त्याच्या पुढच्याही. शाळेचं जेवणघर तिने सोडलं. हिवाळ्यातही तिला कुठली ना कुठली शाळा, कुठलं ना कुठलं तळघर मिळत गेलं. तिच्या पगाराच्या कागदावर नावापुढे 'कलाकार' असं छापलेलं असायचं. पहिला कागद तिने मला दाखवायला आणला होता, मोठ्याने वाचायला लावला होता आणि मग उगाच लाजली होती. झकिया दोन वर्षं तिची पगारी मदतनीस होती. आता ती पिट्सबर्गला स्वतः भिंतींची कामं घेते. नासिरने रंग सोडले, तो बस चालवतो. आपल्या मार्गावरच्या प्रवाशांना सांगतो म्हणे, समोरच्या इमारतीची सावली कुठल्या रंगाची आहे ते. त्याबद्दल दोन तक्रारीही झाल्या आहेत.

ओडेसा आता चौसष्ट वर्षांची आहे. परांचीवर चढत नाही, खुर्चीवर बसून शिकवते. सध्या नदीकाठच्या एका जुन्या पंपघराची गोल भिंत तिच्या हाताखालच्या पोरांकडे आहे. गोल भिंतीवर चित्राचा शेवट कुठे करायचा, हे त्यांच्यापैकी कुणालाच अजून कळलेलं नाही आणि ती सांगत नाही.

गेल्या गुरुवारी ती केस धुवायला माझ्याकडे आली. पाणी सोडलं तर निळा रंग निथळून आला, मग पिवळा, मग जरासा हिरवा. मी म्हटलं, "अगं, केसांत आख्खी नदी घेऊन आलीस की!" मान मागे टाकून ती केव्हाच झोपली होती. पापण्यांखाली डोळे हळूहळू फिरत होते, काहीतरी मोठं बघत असल्यासारखे. दारात पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं, नळ बारीक केला, आणि गिऱ्हाइकाला खुणेनेच बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.